जांभ्याची भिंत, खारं वारं आणि अँटेनाचा पाइप: गुहागरकडच्या एका घराचं प्रकरण

घर गुहागर तालुक्यात, समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर, मधे फक्त माडांची वाडी. भिंती नऊ इंची जांभ्याच्या, सांधे सिमेंटचे, भिंतींच्या माथ्यावर सहा इंच उंचीचा आरसीसी बेल्ट, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा पट्टा, फिरवलेला, त्यावर दोन्ही बाजूंना चिऱ्याचे, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडांचे, त्रिकोण आणि वर कौलं. मुलगा मुंबईची नोकरी घरून करतो, फायबर गावात आलेलं नाही पण वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर, नातेवाइकांकडे आलंय, म्हणून तिथून खाली २.३ किलोमीटरची वायरलेस लिंक टाकलेली, दोन्ही टोकांना ४० सेंटिमीटरच्या डिश, ५ गिगाहर्ट्झवर. सड्यावरच्या टोकाला काहीच त्रास नव्हता. रडगाणं होतं ते खालच्या टोकाचं.

आधीच्या फिटरने काय केलं होतं ते सांगतो, कारण कोकणात निम्म्या घरांवर हेच दिसतं. बाजारात मिळणारे एल आकाराचे पत्र्याचे दोन ब्रॅकेट, एकमेकांपासून जेमतेम सव्वा फुटावर, प्लॅस्टिकच्या गिट्ट्या आणि स्क्रू मारून थेट चिऱ्यात बसवलेले, त्यात वीस फुटी पाइप अख्खाच्या अख्खा उभा, न कापता, कारण जेवढं उंच तेवढं चांगलं. मे महिन्यापर्यंत सगळं झकास. जूनच्या पहिल्या मोठ्या वाऱ्यात वरचा ब्रॅकेट चिऱ्याचा मुठीएवढा टवका घेऊन बाहेर आला, पाइप कौलांवर आडवा आणि डिश केबलला लोंबकळत.

मी ती भोकं जवळून बघितली. गिट्टी बोटाने बाहेर आली, तिच्या अंगाला ओला लाल भुगा चिकटलेला, आणि भोकात आत टॉर्च मारला तर एका बाजूला चिऱ्याची स्वतःचीच पोकळी, म्हणजे गिट्टीला तीन बाजूंनी धरायला काही होतं आणि चौथ्या बाजूला हवा. स्क्रू चकचकीत झिंक प्लेटिंगवाले, एका वर्षात निम्मे खाल्लेले. घरमालक काकांचं म्हणणं असं की ब्रॅकेटच हलका होता, जाड आणा. काकांचं चुकत नव्हतं, पण ब्रॅकेट कितीही जाड आणला असता तरी तो याच भोकांतून निघाला असता. आधी भिंत बघायची, मग वारा मोजायचा, ब्रॅकेटचं दुकान सगळ्यात शेवटी, हे मी त्यांना तिथेच सांगितलं आणि पुढचं सगळं काम त्याच क्रमाने केलं.

जांभा हा दगड म्हणून चांगलाच आहे, खाणीतून काढल्यावर हवेत राहून कडक होतो, शंभर वर्षांची घरं उभी आहेत. पण तो दाबाचा दगड. त्यावर वजन ठेवा, तो पेलेल. त्यात भोक पाडून आतून फुगणारा फास्टनर ठोकला की तो चारी बाजूंनी दगडाला बाहेर ढकलतो, आणि सच्छिद्र चिरा तिथेच फुटतो किंवा भुगा होऊन फास्टनर गोल फिरत राहतो. काँक्रीटमध्ये जो फास्टनर टनभर ओढ सहज घेतो त्याचा चिऱ्यात काही भरवसा नाही, एक भोक घट्ट तर शेजारचं ढिलं. केमिकल अँकर, म्हणजे भोकात केमिकल भरून त्यात बोल्ट चिकटवायचा, जाळीच्या नळीसकट चालतो, पण इथे दगडात ज्या नळ्या-पोकळ्या असतात त्यांत केमिकल कुठे वाहून गेलं ते कळत नाही आणि पावसाळ्यात दमट झालेल्या भोकात त्याची पकड किती ते प्रत्यक्ष ओढून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. चिऱ्यात मला एकच पद्धत मनापासून पटते, आरपार बोल्ट आणि आतून मोठी प्लेट. मग दगडाला फक्त दाब बसतो.

आता वारा. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद दिलाय, पुण्यासाठी ३९. ४४ म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. गुहागरच्या किनाऱ्याला मी मुंबईचाच आकडा धरला, कोणी म्हणेल जास्त धरला, पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे माड-पोफळी आणि छपरांचं काय झालं ते ज्यांनी बघितलंय ते असं म्हणणार नाहीत. वाऱ्याचा दाब काढायचा सोपा हिशोब आहे, वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे ४४ ला चौरस मीटरमागे साधारण ११६० न्यूटन, सव्वाशे किलोला थोडं कमी.

या दाबात ४० सेंटिमीटरच्या डिशवर अंदाजे १९० न्यूटन येतात, म्हणजे १९-२० किलो. हे ऐकून काका म्हणाले, "एवढंच? मग पडला कसा?" पडला कारण हे वीस किलो भिंतीजवळ नसतात, पाइपच्या टोकाला असतात, आणि पाइप म्हणजे तरफ. शिवाय पाइपवर स्वतःवर वारा बसतो तो वेगळा, आणि लांब पाइपच्या बाबतीत तो डिशपेक्षाही जास्त भरतो हे कोणी धरतच नाही.

आम्ही पाइप घेतला दीड इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, जाडी ३.२, मीटरला साडेतीन-पावणेचार किलो. वीस फुटी पाइप अख्खा ठेवून वरच्या ब्रॅकेटच्या वर साडेचार मीटर मोकळा सोडला असता तर हिशोबात त्याच्या मुळाशी ताण येतो चौरस मिलिमीटरला ३३० न्यूटनच्या आसपास, आणि असल्या पाइपचं पोलाद हिशोबाला २१० धरतात, म्हणजे भिंत टिकली असती तरी पाइपच वाकला असता. तीन मीटर मोकळा ठेवला तर १८०, काठावर पास. २.४ मीटर ठेवला तर १३५. तिथे मी थांबलो. आठ फूट.

यावर मुलगा अस्वस्थ झाला, कारण त्याला माडांचे शेंडे दिसत होते. त्याची काळजी रास्त होती, लिंकला फक्त सरळ रेषा दिसून भागत नाही, रेषेच्या भोवती मोकळी जागा लागते, घरापासून दीडशे मीटरवर माड असतील तर तिथे दीड-पावणेदोन मीटर तरी मोकळं पाहिजे, आणि माड वाऱ्यात हलतात, दर वर्षी वाढतात. पण सडा उंच असल्यामुळे रेषा घरापासून वर चढत जाते, त्यामुळे पाइपची दोन फुटं कमी-जास्त झाल्याने जो फरक पडतो त्यापेक्षा पाइप भिंतीवर कुठल्या बाजूला उभा करायचा याने जास्त फरक पडतो. शिडीवर चढून, बांबूच्या टोकाला मोबाइल बांधून फोटो काढले तर त्रिकोणी भिंतीच्या दक्षिण अंगाने दोन माडांच्या मधून सड्यावरचं घर स्वच्छ दिसलं. त्या जागेचा आणखी एक फायदा, तिथे छप्पर उतरत आलेलं, बेल्टपासून जेमतेम दोन फुटांवर कौलं, म्हणजे बेल्टवर ब्रॅकेट लावून आठ फूट पाइप वर काढला तरी कौलांच्या वर सहा फूट मिळतात. आढ्याजवळ लावायचा हट्ट धरला असता तर ही उंची कधीच मिळाली नसती.

बेल्टवरच का, आणखी वर त्रिकोणात का नाही, हे फिटर मंडळींनी खरंच मनावर घ्यावं. छपराखालचा तो चिऱ्याचा त्रिकोण वरून कशानेही बांधलेला नसतो, त्याच्यावर वजन जवळपास नाही, वादळात वारा त्याला स्वतःलाच ढकलत असतो. त्याच्या टोकाला आणखी एक तरफ बसवायची म्हणजे दगड घरात पाडायची सोय. वरच्या ब्रॅकेटवर नेहमी जास्त ओढ येते म्हणून तो घरातल्या सगळ्यात भक्कम जागी, आणि इथे ती जागा बेल्ट. खालचा ब्रॅकेट त्याच्याखाली चार फुटांवर चिऱ्यात.

हे चार फूट कुठून आले? मोकळ्या आठ फुटांवरचा वारा वरच्या ब्रॅकेटपाशी पाइप वाकवायला साधारण ६५० न्यूटन-मीटरचा जोर (ओढ गुणिले अंतर) लावतो. दोन ब्रॅकेटमध्ये १.२ मीटर अंतर असेल तर खालच्यावर ५४० न्यूटन आणि वरच्यावर ९०० च्या आसपास, म्हणजे ५५ किलो आणि ९१ किलो. तेच अंतर ४० सेंटिमीटर केलं, आधीच्या फिटरने केलं होतं तसं, तर वरच्यावर दोनशे किलो. तोच पाइप, तीच डिश, तोच वारा. भिंतीवरची ओढ दुपटीच्या वर गेली आणि ती वाचवायला खर्च येतो फक्त पाइपच्या दोन-अडीच फुटांचा. मोकळ्या उंचीच्या निम्मं अंतर दोन ब्रॅकेटमध्ये ठेवा, अगदीच जागा नसेल तर तिसरा हिस्सा, त्याच्या खाली जाऊ नका.

पण या घरात खरी अडचण वेगळीच होती आणि मला वाटतं सगळ्यात जास्त ब्रॅकेट याच कारणाने जातात. त्रिकोणी भिंतीवरून छप्पर दीड फूट बाहेर आलेलं. कौलं फोडायची नाहीत हे काकूंनी आधीच बजावलेलं, आणि बरोबरच आहे, कौलांतून पाइप काढला की गळती आली. म्हणजे पाइप भिंतीपासून ६० सेंटिमीटर लांब उभा करावा लागणार. बाजारात एवढ्या लांबीचे ब्रॅकेट मिळतात, मधे एक चौकोनी नळी, टोकाला पाइपचा क्लॅम्प, भिंतीला वीतभर प्लेट आणि चार भोकं. दिसायला मजबूत. भिंतीवर सरळ येणाऱ्या वाऱ्याला ते टिकतातही. वारा भिंतीला समांतर वाहायला लागला की खेळ बदलतो. पावसाळ्यातला वारा नैऋत्य-पश्चिमेकडून, आणि या घराची ही भिंत दक्षिणेकडे तोंड करून, म्हणजे मुख्य वारा जवळजवळ भिंतीच्या कडेकडेनेच. तेव्हा पाइपवरची ९० किलोची ओढ त्या ६० सेंटिमीटरच्या दांड्याला दरवाज्याच्या फळीसारखी फिरवायला बघते. वीतभर प्लेटवर बोल्टांच्या दोन ओळी १२ सेंटिमीटर अंतरावर असतील तर एका बाजूच्या बोल्टांवर चारशे-साडेचारशे किलोची ओढ. चिऱ्यात हे अशक्य, काँक्रीटमध्येही मी करणार नाही.

म्हणून व्ही आकाराचा ब्रॅकेट. पाइपपाशी दोन पाय एकत्र, भिंतीवर दोन पाय ६० सेंटिमीटर फाकलेले. मग तीच आडवी ओढ दोन पायांत वाटली जाते, एक पाय ओढला जातो, दुसरा दाबला जातो, प्रत्येकी साधारण ९० किलो. साडेचारशेचे नव्वद झाले, फक्त पाय फाकवून. बाहेर जितकं लांब जायचं तितके पाय भिंतीवर फाकवायचे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

असा ब्रॅकेट तयार मिळाला नाही, म्हणून तालुक्याच्या फॅब्रिकेटरकडून ४० बाय ४० बाय ५ च्या अँगलमधून करून घेतला. खालच्याला शिवाय एक तिरका टेकू आणि पाइप टेकायला बैठक, कारण पाइप, डिश, क्लॅम्प मिळून सतरा-अठरा किलो वजन दोन फूट बाहेर लटकतंय, ते यू बोल्टच्या घर्षणावर सोडायचं नाही. सगळी भोकं आणि सगळं वेल्डिंग आधी पूर्ण करून मग हॉट डिप गॅल्व्हनाइझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढायला, घाटावर पाठवलं. फॅब्रिकेटर म्हणत होता सिल्व्हर पेंट मारून देतो, उद्याच घेऊन जा. समुद्रापासून एवढ्या जवळ सिल्व्हर पेंट दोन पावसाळ्यांत फुगतो. पाच मिलिमीटर आणि त्यावरच्या लोखंडाला हॉट डिपमध्ये चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त बसतं, जाडी ८५ मायक्रॉनच्या आसपास, आणि दुकानातल्या चकचकीत प्लेटिंगची जाडी पाच-दहा मायक्रॉन. खाऱ्या हवेत जस्त दर वर्षी झिजतंच, त्यामुळे जाडी म्हणजेच आयुष्य. गॅल्व्हनाइझ झाल्यावर भोक पाडलं की तिथून गंज सुरू, म्हणून मापं आधी भिंतीवर पुठ्ठ्याचा साचा धरून पक्की केली होती. नट-बोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस, ३०४ किनाऱ्यावर डागाळतं. स्टेनलेसचे आटे एकमेकांत जाम होतात म्हणून ग्रीस लावूनच पिळायचे, नाहीतर पुढच्या वेळी ग्राइंडरने कापावे लागतात.

वरच्या ब्रॅकेटसाठी बेल्टमध्ये १२ मिलिमीटरचे स्टड (आटे पाडलेल्या सळ्या) केमिकल अँकरने बसवले. फुगणारा फास्टनर इथेही नको म्हटलं, कारण बेल्ट फक्त सहा इंच उंच, वर-खाली कडा तीन-तीन इंचांवर, फास्टनर फुगला की कड तडकते. त्याच कारणाने प्रत्येक पायाचे दोन बोल्ट एका आडव्या ओळीत, बेल्टच्या बरोबर मध्यावर, म्हणजे वरच्या-खालच्या सळ्या चुकतात. एका ठिकाणी ड्रिल सळ्यांना बांधणाऱ्या रिंगवर अडकलं, तिथे जबरदस्ती न करता प्लेटमध्ये आधीच ठेवलेल्या लांबट भोकाचा उपयोग करून इंचभर सरकलो. भोक साफ करणं हे या कामातलं अर्धं काम, फुंका, ब्रश फिरवा, परत फुंका, परत ब्रश, भुगा यायचा थांबेपर्यंत. भुकटीवर ओतलेलं केमिकल भुकटीला चिकटतं, काँक्रीटला नाही. आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ होईपर्यंत नटला हात लावायचा नाही, मुलाला घाई होती तरी पाइप दुसऱ्या दिवशीच चढवला.

खालच्या ब्रॅकेटला आरपार बोल्ट. चिऱ्यात ड्रिल करताना हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवायचं, हॅमर चालू असला की आतल्या बाजूने गिलाव्यासकट बशीएवढा पापुद्रा उडतो. आधी बारीक भोक आरपार, मग दोन्ही बाजूंनी मोठं करत मधे भेटायचं, आणि भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं, म्हणजे पाणी आत येणार नाही. जागा चिऱ्याच्या पोटात, सांध्यात नाही. हातोडीने वाजवून बघितलं, जिथे भद्द आवाज आला तो चिरा सोडून शेजारचा घेतला. आतून १५० बाय १५० बाय ६ ची प्लेट. तिथे नेमकी झोपायची खोली, काकूंनी विचारलं, "अहो, आता भिंतीवर हे लोखंड दिसत राहणार का?" प्लेटा कपाटामागे येतील अशीच जागा धरली होती, म्हणून परवानगी मिळाली. घट्ट करताना जोर लावायचा नाही. नट टेकला, स्प्रिंग वॉशर बसला, वर अजून पाव फेरा, मग दुसरा नट. जास्त पिळलं तर प्लेटखालचा चिराच चेपतो आणि आठवड्याने सगळं ढिलं.

पाइप ओळंब्यात आहे का ते दोन बाजूंनी बघितलं. डिशचा झोत साधारण नऊ अंशांचा, म्हणजे पाइप साडेचार अंश जरी स्वतःभोवती फिरला तरी सिग्नल निम्मा. गुळगुळीत जीआय पाइप साध्या यू बोल्टमध्ये वाऱ्याने हळूहळू फिरतो, लोक म्हणतात पावसात नेट स्लो होतं, प्रत्यक्षात डिशने तोंड फिरवलेलं असतं. त्यावर उपाय दातेरी क्लॅम्प, आणि खालच्या बैठकीत पाइपमधून एक बोल्ट आरपार. पाइपचं वरचं तोंड टोपीने बंद, खालचं उघडं, आत साठलेलं पाणी निघून जायला.

अर्थिंगला कोकणात हयगय नको, मे-जूनला आणि ऑक्टोबरला विजा कशा पडतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाइपपासून २५ बाय ३ ची जीआय पट्टी सरळ खाली, वळणं न घेता, वेगळ्या इलेक्ट्रोडला, आणि तो घराच्या अर्थिंगला जोडलेला. थेट वीज पडली तर यंत्र वाचेल असं मी कोणाला सांगत नाही, पण जवळपास पडलेल्या विजेचा झटका घरात शिरण्याऐवजी जमिनीत जायला वाट असते. केबल काळ्या आवरणाची, बाहेर वापरायची, घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिलेला. आणि पाइप चढवण्याआधी महावितरणच्या तारा बघितल्या, पाइप कुठल्याही बाजूला पूर्ण आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर होतं. नसतं तर ती जागाच बाद.

पावसाळा गेला. ऑक्टोबरात जाऊन पाहिलं, सिग्नल बसवलेल्या दिवशी होता तिथेच, ओळंबा तसाच. आरपार बोल्टांपैकी एक थोडा ढिला, आतला गिलावा दबला होता, पाव फेऱ्यात घट्ट झाला, हे अपेक्षितच होतं आणि दर वर्षी एकदा बघावं लागणार. बेल्टमधले स्टड हलले नाहीत. ब्रॅकेटवर गंज नाही, यू बोल्टच्या नटांवर मिठाची पांढरी राप, ती गोड्या पाण्याने धुतली.

आमचं बघून खालच्या वाडीतल्या एका घराने तसंच करून मागितलं. ते घर जुनं, चिऱ्याचे सांधे मातीचे, बेल्ट नाही, भिंतीच्या माथ्यावर थेट लाकडी वासे. सांध्यात खिळा घातला तर माती गळते. त्या भिंतीवर ब्रॅकेट लावायला मी नाही म्हटलं, व्ही आकाराचाही नाही. अंगणाच्या कडेला, पागोळीपासून दूर, काँक्रीटचा पाया घालून तीन इंची पाइप जमिनीतूनच उभा केलाय, खर्च जास्त आला, पण घराच्या भिंतीला हात लावलेला नाही.